सबवूफर : आधी दुरुस्ती, मग खोलीशी जुळणी

खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठेही जा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला ५.१ होम थिएटरचा संच अजून कितीतरी घरांत आहे. भिंतीवरचे छोटे स्पीकर नीट वाजतात. कोपऱ्यातला मोठा डबा मात्र घरघरतो, नुसता ‘हूं’ करत बसतो किंवा पार मुका झालेला असतो. मग त्याची वायर काढली जाते आणि डबा माळ्यावर जातो. वाईट एवढ्याचंच वाटतं, की यातले बरेच डबे दुरुस्त होण्यासारखे असतात. आतले भाग मोठे, मोजके आणि डोळ्यांना दिसणारे असतात. एखादा भाग गावात नसला तर अकोल्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतो.

काम दोन टप्प्यांचं आहे : आधी डबा दुरुस्त करायचा, मग तो खोलीशी आणि बाकीच्या स्पीकरांशी जुळवायचा. दोन्हीकडे एक शिस्त पाळावी लागते. भाग बदलण्याआधी तो का गेला हे शोधायचं, आणि बटण फिरवण्याआधी खोली आवाजाचं काय करते आहे ते ऐकायचं.

डब्यात काय असतं

घरगुती सबवूफरच्या डब्यात दोन मुख्य गोष्टी असतात : मोठा स्पीकर आणि त्याला चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकरची रचना अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडली, ती मुळात आजही तीच आहे. मागे लोहचुंबक, त्याच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा पडदा. कॉइलमधून संगीताचा प्रवाह गेला की ती पुढेमागे हलते, पडदा हवा ढकलतो. पडद्याला दोन ठिकाणी आधार असतो : बाहेर फोमची किंवा रबराची कड, आणि आत कॉइलजवळ वळ्यावळ्यांची कापडी चकती, जिला मेकॅनिक स्पायडर म्हणतात. या दोघांनी धरून ठेवल्यामुळेच कॉइल फटीच्या बरोबर मध्यावर राहते. त्या फटीत दोन्ही बाजूंना सुटणारी जागा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. सबवूफरचे निम्मे आजार या एका मापावरून समजतात.

दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट उष्णतेची. अशा स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का आवाज होतो. उरलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची कॉइलमध्ये उष्णता होते. म्हणून आवाज पूर्ण, त्यात मोबाइलमधला बास बूस्टही पूर्ण, असं तासन्‌तास वाजवलं की कॉइलवरचं वार्निश करपतं. वॅटच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. खोक्यावर ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट छापलेले असले तरी डब्याच्या मागचा फ्यूज पाहावा. २३० व्होल्टवर १ अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो डबा सलग २३० वॅटच्या फार वर वीज घेऊ शकत नाही.

उघडण्याआधीचा तपास

अर्ध्या तक्रारींचा उगम डब्याबाहेरच सापडतो. डबा मुका असेल तर आधी प्लग, फ्यूज आणि सिग्नलची केबल तपासा. फ्यूज उडाला असेल तर त्याच क्षमतेचा एकदाच बदला. पुन्हा उडाला तर आत शॉर्ट आहे असं समजून थांबा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालण्याचा मोह नको. त्यानं ट्रान्सफॉर्मर जळतो, कधी घरही.

‘हूं’ आवाज येत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. सिग्नलची केबल काढा. हूं थांबला, तर दोष केबलमध्ये, टीव्हीत किंवा अर्थिंगमध्ये आहे. तसाच राहिला, तर डब्याच्या पॉवर सप्लायमध्ये आहे. कान तयार असेल तर आवाजाच्या उंचीवरूनही अंदाज येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बाहेरून शिरलेला हूं बहुधा खोल, ५० हर्ट्झचा असतो. रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कॅपॅसिटर थकले असतील तर तो त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचा येतो.

बाहेरच्या दोषाचं एक ठरलेलं कारण म्हणजे केबल टीव्हीची किंवा डिशची गोल केबल. तिच्या आवरणातून एक अर्थ येतो, घराच्या बोर्डातून दुसरा, आणि दोन्हींमधला फरक सबवूफरमध्ये ऐकू येतो. ती केबल सेट-टॉप बॉक्समधून काढताच हूं थांबला, तर दोषी सापडला. त्यावर केबलच्या वाटेत आयसोलेटर बसवतात किंवा सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेतात. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मात्र कधीही कापू नये. हूं जाईल, पण डब्यात बिघाड झाला तर त्याच्या पत्र्याला हात लावणाऱ्याला धक्का बसेल.

आपल्या भागात अर्थिंगचा खड्डा पाहणंही गरजेचं आहे. काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग चांगलं लागतं. उन्हाळ्यात तीच जमीन सुकून भेगाळते, सळईभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतलं तर फ्रिजपासून सबवूफरपर्यंत सगळ्यांचंच भलं होतं.

स्पीकरची नाडी

डबा उघडण्याआधी प्लग काढा आणि थोडा वेळ थांबा. एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय, असलेल्या डब्यात मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. वायर बांधलेल्या बल्बनं ते उतरवतात. हे काम माहीत नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर मेकॅनिककडेच द्यावा. स्पीकर तपासायला मात्र कुणाचीच हरकत नाही.

स्पीकरच्या वायरी सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून टोकं लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो, ८ ओहमचा साडेपाच ते सातच्या दरम्यान. काहीच दाखवलं नाही, तर कॉइल तुटली आहे किंवा पडद्याकडे जाणारी विणलेली लवचीक तार तुटली आहे. ही तार आधी पाहा. पडद्याबरोबर वर्षानुवर्षं हलून ती आपल्या टाक्याजवळ तुटते, आणि तेवढा टाका पुन्हा घातला की मेलेला स्पीकर जिवंत होतो. आकडा फारच कमी आला तर कॉइलचे वेढे आपसात चिकटलेत.

मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. धन टोक लाल खुणेला लावल्यावर पडदा ‘टक्’ करून बाहेर यायला हवा. तो आत गेला तर कुणीतरी वायरी उलट जोडल्या आहेत. शेवटी दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समोरासमोर टेकवून तो हळूच, सरळ आत दाबा आणि कान जवळ न्या. काहीच ऐकू येऊ नये. कागदावर वाळू घासल्यासारखी बारीक खर्र आली, तर कॉइल फटीला घासते आहे : कड सुटली आहे, स्पायडर बसला आहे, कॉइल उष्णतेनं फुगली आहे, किंवा फटीत कचरा शिरला आहे.

कड बदलताना

फोमची कड हा ठरलेला बिघाड आहे. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू विघटित होतो. दहा-वीस वर्षांत बोट लावलं की भुगा होतो. घाटाखाली, शेगाव-नांदुरा-मलकापूरकडे उन्हाळा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे बंद खोलीत उष्णता या कामाला वेग देते. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे पावसाळी दमट हवा तेच काम करते. नवी कड स्वतंत्र मिळते. ती घेताना ‘आठ इंची’ एवढंच सांगून भागत नाही. पडद्याचा व्यास, सांगाड्याच्या आतल्या कठड्याचा व्यास आणि कडेच्या फुगवट्याची रुंदी अशी तीन मापं लिहून न्यावीत.

जुना फोम आणि गोंद पूर्ण खरवडून काढा. घाई इथेच नडते, कारण जुन्या गोंदाचा एक खडा राहिला तरी नवी कड तिरकी बसते. टेबल आधी स्वच्छ पुसा. लोखंडाचा कीस चुंबकाकडे आपोआप ओढला जातो आणि फटीत गेला की हलवून निघत नाही. घडी घातलेली चिकटपट्टी आत सारून तो उचलावा लागतो. कागदी पडद्यावर फोम बसवायला पांढरा गोंद चांगला. तो फोमला खात नाही आणि सुकेपर्यंत कड सरकवायला वेळ देतो. रबराच्या कडेला रबरी सोल्युशन लागतं.

कड आधी फक्त पडद्याला चिकटवा आणि पूर्ण सुकू द्या. सांगाड्याला चिकटवण्याआधी कॉइल मध्यावर आणायची. त्यासाठी पडद्याच्या मधली टोपी पात्यानं अलगद काढतात आणि कॉइल व मधला लोखंडी दांडा यांच्यामध्ये चारी बाजूंनी पातळ पट्ट्या सरकवतात. जुनी एक्स-रे फिल्म कापून केलेल्या पट्ट्या याला उत्तम. जाडी सारखी, कड गुळगुळीत. पट्ट्या बसल्या की कॉइलला इकडेतिकडे जायला वावच राहत नाही. आता कड सांगाड्याला चिकटवा, कपड्यांचे चिमटे लावा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी पट्ट्या काढून पडदा दाबून पाहा. खर्र नसेल तरच टोपी परत चिकटवा.

कॉइलच जळाली असेल तर रिकोनिंग, म्हणजे कॉइल, स्पायडर, पडदा, सगळंच नवं. कॉइलचा व्यास, वेढ्यांची उंची, थर आणि ओहम जुन्याशी जुळले पाहिजेत. कारण डबा त्या स्पीकरच्या हिशेबानं बनलेला असतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा हिशेब मांडला : पडद्याचं वजन, कडेचा ताण, चुंबकाची ताकद आणि डब्यातली हवा यांची एक जोडी जमते. म्हणून दुसराच कुठला तरी आठ इंची स्पीकर बसवला तर आवाज येतो, पण बास एकसुरी घुमतो किंवा फुसका होतो.

जळण्याचं कारण

नवी कॉइल बसवून लगेच जोडू नका. कॉइल अतिवापरानं जळाली असेल, पण अ‍ॅम्प्लिफायरनंही जाळली असेल. आतली आयसी शॉर्ट झाली की स्पीकरकडे सरळ डीसी जातो, पडदा एका बाजूला अडकून राहतो आणि कॉइल तापत जाते. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर चालू करा आणि आउटपुटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट असतील तर ठीक. काही व्होल्ट दिसले तर आधी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. एवढं मोजलं नाही, तर नवी कॉइल त्याच दिवशी जळू शकते आणि ग्राहकाला वाटतं रिकोनिंगच वाईट होतं.

मेकॅनिकच्या टेबलावर शंभर वॅटचा साधा बल्ब आणि प्लग असा सिरीज बोर्ड असतो, तो याच वेळी कामाला येतो. संशयित डबा बल्बमधून चालू करतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बनं ट्रान्सफॉर्मर वाचवला. नंतर रेक्टिफायर पाहायचा, मग फुगलेले कॅपॅसिटर. या कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. घाटाखालच्या उन्हाळ्यात हा नियम पुस्तकातला राहत नाही. म्हणून बदलताना ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा कॅपॅसिटर घ्यावा. एमएफडी तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त.

स्वस्त संचांत टीडीए २०३० किंवा त्याच कुळातली आयसी आणि फिल्टरसाठी ४५५८ भेटते. टीडीए २०३०च्या पाठीचा पत्रा आतून ऋण सप्लायला जोडलेला असतो. ती हीटसिंकवर मायका न ठेवता बसवली आणि हीटसिंक अर्थला लागलेलं असलं, की चालू करताच शॉर्ट होतो. मायका, पेस्ट आणि घट्ट स्क्रू हे तिन्ही हवेत.

डबा बंद करण्याआधी सांधे पाहा. एमडीएफ ओलीनं फुगलं असेल तर फटीतून हवा फुसफुसते आणि बास फाटतो. हलका ४० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांजवळून पेटती अगरबत्ती फिरवा. जिथे धूर थरथरतो तिथे फट आहे. हवेच्या नळीतही डोकावा. बंद पडलेल्या डब्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असू शकतं.

खोलीचा हिशेब

आता जुळणी. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ६.९ मीटर असते. आपली खोली १० बाय १२ फुटांची, उंची १० फूट. म्हणजे लाट खोलीपेक्षा लांब आहे. ती भिंतीवरून परतते आणि येणाऱ्या लाटेत मिसळून काही जागी ढीग करते, काही जागी खड्डा. १२ फुटांच्या लांबीत हा प्रकार सुमारे ४७ हर्ट्झला होतो, १० फुटांत ५६ हर्ट्झला. रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असल्यानं ५६ हर्ट्झ दुहेरी जोर धरतो. विटांच्या नऊ इंची भिंती आणि सिमेंटचा स्लॅब खोल आवाज फारसा गिळत नाहीत, परत फेकतात. सिनेमात काही स्वर छातीत बसतात आणि काही गायबच होतात, ते यामुळे. पत्र्याच्या खोलीत उलटं : बास पत्र्यातून निसटतो आणि जाताना पत्रा खडखडवतो. तिथे आधी पत्र्याचे हुक आणि खिडकीच्या काचा घट्ट करा.

खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ४७ हर्ट्झच्या खड्ड्यात बसलात. खुर्ची हातभर मागे-पुढे घ्या. डबा अगदी कोपऱ्यात ठेवला तर सगळे ढीग एकदम उठतात : आवाज मोठा, पण घुमटासारखा. जागा शोधायची खात्रीची रीत अशी. डबा उचलून आपल्या बसायच्या जागेवर ठेवा, सलग बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेनं गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे प्रत्येक स्वर सारख्या ताकदीचा ऐकू येतो ती डब्याची जागा. ऐकणारा आणि स्पीकर यांची अदलाबदल केली तरी हवेचा हिशेब बदलत नाही, म्हणून ही रीत लागू पडते.

परीक्षेसाठी पखवाजाच्या साथीचं भजन घ्या. पखवाजाच्या धुमेवर कणकेचा थर लावतात, त्यानं तिचा नाद खोल आणि गोल होतो. थाप पडावी, नाद यावा आणि वादकाच्या हाताबरोबर थांबावा. थाप थांबली तरी खोलीत ‘ऊं’ रेंगाळत असेल तर डबा अजून चुकीच्या जागी आहे.

बाकीच्या स्पीकरांशी जुळणी

सिनेमाच्या ५.१मधला ‘.१’ म्हणजे खोल आवाजाची वेगळी वाट; १९९२ मध्ये चित्रपटगृहात आलेल्या डॉल्बी डिजिटलमध्ये ती होती. ती वाट १२० हर्ट्झपर्यंत जाते. गाणी ऐकताना मात्र सबवूफरला छोट्या स्पीकरांचं उरलेलं काम उचलायचं असतं. ही वाटणी क्रॉसओव्हर करतो. छोटे स्पीकर चांगल्या आकाराचे असतील तर ८० हर्ट्झ ही मान्य जागा आहे. तीन इंची असतील तर ते १२० ते १५० च्या खाली जवळजवळ मुके असतात, तेव्हा क्रॉसओव्हरही तिथेच हवा. नाहीतर मध्ये पोकळी राहते आणि पुरुषी आवाज पातळ लागतो. पण १०० हर्ट्झच्या वर आवाज कुठून येतो हे कानाला कळू लागतं, म्हणून असा डबा टीव्हीच्या जवळपास, समोरच ठेवावा.

होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर लावला असेल तर डब्यावरचं फिल्टरचं बटण शेवटपर्यंत वर न्या. दोन्ही ठिकाणी फिल्टर लागले तर तोच आवाज दोनदा कापला जातो आणि डबा निर्जीव वाटतो.

मग फेज. क्रॉसओव्हरच्या जागचा सूर, समजा ८० हर्ट्झ, मोबाइलवरून लावा. आपण जागेवर बसायचं, दुसऱ्यानं डब्याचा खटका शून्य आणि १८० मध्ये बदलायचा. जिथे आवाज मोठा येतो ती जोडी बरोबर. दुसरीत सबवूफर आणि स्पीकर एकमेकांचा आवाज खात असतात. रिसीव्हर अंतर विचारत असेल तर फुटपट्टीनं मोजून भरा. एक मीटर अंतर म्हणजे जवळपास तीन मिलिसेकंदांचा उशीर.

आवाजाचं बटण सर्वांत शेवटी. शून्यापासून वर आणा. डबा वाजतोय हे कळू लागलं की किंचित मागे या. हलक्या आवाजात बास कमी वाटतो हा डब्याचा दोष नाही. ५० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायलाच १००० हर्ट्झच्या सुरापेक्षा सुमारे ४० डेसिबल जास्त लागतात. रात्री त्याची भरपाई करायला बटण वर नेलं तर खोल आवाज भिंतीपलीकडे आधी पोहोचतो. नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ज्या मापानं मोजतात ते खोल आवाज बराच कमी दाखवतं. त्यामुळे मीटर गप्प असला तरी शेजारचं बाळ जागं होऊ शकतं. डब्याखाली जाड रबर ठेवा, सामाईक भिंतीपासून डबा सोडवा, आणि रात्री दहानंतर बटण खाली आणा.

जुळणी झाली का, हे पाहायला चालू गाण्यात डबा बंद करा. खोली रिकामी झाल्यासारखी वाटली, आणि पुन्हा चालू केल्यावर आवाज अमुक कोपऱ्यातून येतोय असं बोट दाखवता आलं नाही, तर काम झालं. मग एक चिठ्ठी लिहून डब्याच्या मागे चिकटवा : कोणता भाग बदलला, किती ओहमचा, कोणत्या तारखेला, का गेला होता, आणि क्रॉसओव्हर व फेज कुठे ठेवलेत. पाच वर्षांनी हा डबा जो कुणी उघडेल, त्याचा अर्धा दिवस त्या चिठ्ठीनं वाचेल.